भय कोणाचे, गुन्हा कोणाचा?

चित्रपटांच्या याद्या करणे हे रिकामटेकड्यांचे काम, असे आपल्यातले बरेच कार्यकर्ते मानतात. मलाही तसेच वाटे. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात पाच शनिवार चित्रपट दाखवायचे ठरले आणि पोरांनी भुतांचे व खुनांचेच हवेत असा हट्ट धरला, तेव्हा या कामाला किती विचार लागतो ते कळले.

'सर्वोत्कृष्ट दहा भयपट' ही यादी नव्हे, ती दुकानावरची पाटी. उत्कृष्ट कोणी ठरवले, हे तिथे विचारताच येत नाही. यादीच्या मुळाशी एक प्रश्न असावा लागतो. विषय नुसता 'भूत' घेतला तर शेकडो चित्रपट त्यात बसतात. 'इथे कोण कोणाला भितो?' असे विचारले की बहुतेक गळतात आणि उरलेल्यांचे आपसांतले नाते दिसू लागते.

सुरुवात रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'ने (१९८४) केली, कारण तो पोरांना ठाऊक होता. राजाच्या हुकमाने सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे होते, तो शाप देतो, आणि राजघराण्यातल्या स्त्रिया बाळंतपणात मरू लागतात. भीती सगळी वाड्यातल्यांची. सामरी दुष्ट आहे म्हणून दुष्ट आहे. त्याला मागचेपुढचे काही नाही.

त्याच्या शेजारी बर्नार्ड रोझचा 'कँडीमॅन' (१९९२) ठेवला. क्लाइव्ह बार्करची मूळ कथा इंग्लंडमधली; रोझने ती शिकागोतल्या काब्रिनी-ग्रीन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नेली. इथले भूत म्हणजे एका गुलामाचा चित्रकार मुलगा. गोऱ्या मुलीवर प्रेम केले म्हणून जमावाने त्याचा हात कापला, अंगावर मधमाशा सोडल्या. हे आपल्या पोरांना समजावून सांगावे लागले नाही. (कॅमेरा मात्र बराच वेळ गोऱ्या संशोधिकेच्या मागे फिरतो, हे सांगावे लागले.)

तिसरा जॉर्ज रोमेरोचा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८). नायक बेनची भूमिका कृष्णवर्णीय नटासाठी लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्सची चाचणी सरस ठरली म्हणून त्याला ती मिळाली. संवादांत त्याच्या रंगाचा उल्लेखही नाही. उठलेल्या प्रेतांशी रात्रभर झुंजून त्या घरात तो एकटा जगतो. सकाळी बंदूकवाल्या गोऱ्यांची टोळी येते आणि प्रेत समजून त्याला गोळी घालते. मग नुसती स्थिर छायाचित्रे: लोखंडी आकडे, ओढलेला देह, पेटवलेली लाकडे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, हे आधी न सांगता नंतर सांगावे. वितरणाच्या वेळी चित्रपटाचे नाव बदलले आणि त्या गडबडीत हक्काची सूचना राहून गेली. त्यामुळे अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा झाला. प्रत मिळवायला त्रास पडत नाही.

ती टोळी पोलीसप्रमुखाच्या हुकमात असते. तेव्हा बेनचा गुन्हा काय, या प्रश्नावरून गुन्हेगारी चित्रपटांकडे वळता येते. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'जय भीम' (२०२१) उघडतो तो तुरुंगाच्या दारात: सुटणाऱ्यांना जात विचारली जाते आणि खालच्या मानलेल्या जातींची माणसे जुन्या खटल्यांत अडकवण्यासाठी बाजूला काढली जातात. कथा तमिळनाडूतल्या इरुलर आदिवासींची, १९९३ मधल्या खऱ्या प्रकरणावरची. शेवटी कोर्टात न्याय मिळतो.

गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) काळाने याच्या आधीचा. पहिल्या खेपेला मी तो तसाच आधी लावला. 'जय भीम' संपल्यावर एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आता सुधारलं ना, सर?" चूक माझी होती. वर्षांच्या क्रमाने लावलेली यादी न सांगताच प्रगतीची गोष्ट सांगून जाते. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. बायकोच्या खुनाचा आरोपी लहान्या भिकू जवळजवळ सारा चित्रपट गप्प राहतो, वकील कुलकर्णी धडपडत राहतो. अखेरीस बापाच्या चितेपाशी, बहिणीवर मुकादमाची नजर पाहून, लहान्या तिलाच कुऱ्हाडीने मारतो आणि मग ओरडतो.

यावेळी सुधारणेचे कोणी बोलले नाही. बऱ्याच वेळाने मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "बहिणीला कोणी विचारलं होतं का?" पुढची यादी आम्ही तिच्या प्रश्नावरून करतो आहोत. अजून दोनच चित्रपट सापडले आहेत.