झांझिबारचे गोवेकर फोटोग्राफर

झांझिबारचा जुना फोटो हाती आला की आधी समुद्रकाठ बघावा. सुलतानाच्या ‘बैत-अल-अजाइब’ या राजवाड्यासमोर उंच मनोरा सुटा उभा असेल, तर फोटो २७ ऑगस्ट १८९६च्या आधीचा. मनोरा राजवाड्याच्या दर्शनी भागातच सामावलेला दिसला, तर नंतरचा. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ब्रिटिश युद्धनौकांनी किनाऱ्यावर तोफा डागल्या. गादीवर बसलेल्या खालिद बिन बरघशला हुसकावण्यासाठी झालेली ही लढाई पाऊण तासात आटोपली. जगातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून ती सांगितली जाते, पण तेवढ्या वेळात सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली. जनानखान्याचा वाडा कोसळला, मनोऱ्याची पार वाताहत झाली आणि सुलतानाचं ‘ग्लासगो’ हे जहाज बंदरातच बुडालं. त्याच्या डोलकाठ्या पुढे कित्येक वर्षं पाण्याबाहेर दिसत राहिल्या. बंदराच्या फोटोत त्या काठ्या सापडल्या, की तारीख लावायचं निम्मं काम झालं.

एका बेटाच्या इमारतींचा इतका बारीक हिशेब लागतो, याचं श्रेय बऱ्याच अंशी गोव्याहून गेलेल्या काही दुकानदारांना आहे. ए. सी. गोम्स, जे. बी. कुटिन्हो, परेरा द लॉर्ड ही नावं पूर्व आफ्रिकेच्या जुन्या फोटोंवर पुन्हा पुन्हा भेटतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि झांझिबार यांच्यात भरपूर ये-जा होती. व्यवहार भारतीय रुपयात चालत, लवंगेच्या आणि हस्तिदंताच्या व्यापारात कच्छी-गुजराती पेढ्यांचं वजन होतं, आणि ज्याने बैत-अल-अजाइब बांधला तो सुलतान बरघश तरुणपणी भावाविरुद्ध बंड केल्यामुळे मुंबईत हद्दपारीत राहून गेला होता. गोवेकर ख्रिस्ती तिथे कारकून, शिंपी, खानसामा म्हणून गेले. सुलतानाच्या बँडमध्येही ते वाजवत. काहींनी कॅमेरा धरला.

तो काळ फोटोग्राफरची परीक्षा पाहणारा होता. सुरुवातीच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. विषुववृत्ताजवळच्या उन्हात तो थर बघता बघता वाळतो. म्हणून इमारतीचा फोटो काढायचा तर अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी सगळं बरोबर न्यावं लागे. १८८०च्या दशकात तयार कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या तेव्हा कुठे हे ओझं उतरलं. छपाई अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हातच व्हायची. आज ते कागद पिवळे पडलेत, कडा फिक्या झाल्यात. पण भिंतीवरच्या चुन्याचा पोपडा आणि दरवाजावरची पितळी अणकुचीदार फुलं अजून मोजता येतात, कारण त्या मोठ्या काचांमध्ये तपशील अफाट मावतो.

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी पांढऱ्या अक्षरांत आकडा आणि जागेचं नाव असतं. ते छापील नव्हे. निगेटिव्हवर काळ्या शाईने, आरशात दिसावं तसं उलटं लिहिलेलं असतं. शाईखाली प्रकाश पोचत नाही म्हणून कागदावर ते पांढरं आणि सुलटं उतरतं. तो आकडा म्हणजे दुकानाचा माल-क्रमांक. गिऱ्हाइकाने वही चाळायची, आकडा सांगायचा, मालकाने तेवढी प्रत काढून द्यायची. पुढे पिक्चर पोस्टकार्डांची लाट आली तेव्हा याच दृश्यांची कार्डं झाली.

मला या फोटोंचं मोल इथेच दिसतं. ते विकण्यासाठी काढलेले होते. बोटीवरून उतरलेल्या प्रवाशाला, घरी पत्र पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला, देणगीदारांना काम दाखवू पाहणाऱ्या मिशनऱ्याला ओळखीचं दृश्य हवं असतं. जे खपतं ते दुकानदार पुन्हा काढतो: तोच किनारा, तेच चर्च, जवळजवळ त्याच जागेवरून, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. नवं काहीतरी शोधणाऱ्या कलावंताने असं केलं नसतं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने ते केलं, म्हणून आज ती चित्रं शेजारी ठेवून कुठली गच्ची वाढली, कुठलं झाड गेलं, हे सांगता येतं. याच दुकानांनी ‘स्थानिक नमुने’ म्हणून बायकामाणसांचे मांडून बसवलेले फोटोही विकले. त्यांच्याकडे मी पुरावा म्हणून फार सावधपणे बघेन. इमारतीला मात्र असं बसवता येत नाही.

दोन चर्चं या फोटोंत सतत येतात. एक सेंट जोसेफ कॅथीड्रल, फ्रेंच मिशनऱ्यांनी १८९०च्या दशकात बांधलेलं. त्याची दोन टोकदार शिखरं गावाच्या सपाट गच्च्यांवरून उठतात आणि बोटीवरून दिसतात. गोवेकरांचं चर्च ते हेच.

दुसरं अँग्लिकन ख्राइस्ट चर्च. ५ जून १८७३ रोजी बरघशला गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही करावी लागली. त्याच वर्षी नाताळात बाजाराच्या जागेवर या चर्चची पायाभरणी झाली. काम बिशप एडवर्ड स्टीअर यांनी अंगावर घेतलं. दगड प्रवाळाचा, आणि छत प्रवाळाचा चुरा व सिमेंट कालवून ओतलेली सलग कमान. ती टिकणार नाही, असं म्हणणारे होते. ती अजून उभी आहे. दाराशी काही खांब उलटे बसवलेत: बिशप गावाला गेले असताना गवंड्यांनी डोकं खाली, पाय वर केले, असं सांगतात. वेदी जिथे आहे तिथे चाबकाचे फटके मारण्याचा खांब होता. फोटोत यातलं काही दिसत नाही. दिसतो एक मनोरा, घड्याळ, नारळीची झावळी, आणि प्लेट उघडी असताना चालत गेलेला एखादा धुरकट माणूस.

या चर्चमध्ये एक लाकडी क्रूस आहे, आणि त्याचा धागा थेट नाशिकला येतो. १ मे १८७३ रोजी आफ्रिकेतल्या चितांबो गावात मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरणारा जेकब वेनराइट होता. गुलामांच्या जहाजावरून सुटलेला हा मुलगा नाशिकच्या शरणपूरमधल्या मिशनच्या शाळेत शिकला होता. लहानपणी समुद्र ओलांडून आलेली अशी कितीतरी आफ्रिकन मुलं तिथे वाढली आणि पुढे आफ्रिकेत परतली. झांझिबारचा तो क्रूस त्याच झाडाच्या लाकडाचा. लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी घेऊन १८७४ साली जेकब इंग्लंडला गेला, तेव्हा पेटीजवळ बसलेल्या त्याचा एक फोटो निघाला. नाशिकमध्ये शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल, याची मला खरोखर खंत वाटते.

गोम्स यांच्या स्टुडिओत काम शिकलेले रणछोड ओझा यांनी १९३० मध्ये ‘कॅपिटल आर्ट स्टुडिओ’ काढला आणि सुलतानाच्या घराण्याचे फोटो काढले. जानेवारी १९६४च्या क्रांतीनंतर अरब आणि भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने बेट सोडून गेली, गोवेकरही गेले. ओझांचं दुकान राहिलं. बाकीच्यांचे फोटो विखुरले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हम्फ्री विंटरटन यांनी जमवलेला पूर्व आफ्रिकेच्या फोटोंचा संग्रह आहे, साडेसात हजारांवर. त्यात या दुकानांचे फोटो बरेच आहेत. पण आजही असे फोटो पुस्तकांतून ‘फोटोग्राफर अज्ञात’ म्हणून छापले जातात.

२५ डिसेंबर २०२० रोजी बैत-अल-अजाइबचा दर्शनी भाग मनोऱ्यासकट ढासळला. दुरुस्तीचं काम चालू होतं. दोघांचा जीव गेला. ओतीव लोखंडाचे खांब, मजल्यामजल्यावरच्या रुंद गॅलऱ्या आणि त्यांचे कठडे मूळ मापाने पुन्हा उभारायचे तर जुन्या मोठ्या प्लेटांपेक्षा चांगला साक्षीदार मिळणं अवघड आहे.

गोव्यात आणि मुंबईच्या गोवेकर घरांत ‘आफ्रिकेतल्या आजोबांचे’ आल्बम अजून असतील. त्यातले फोटो पुठ्ठ्यावरून सोलून काढू नयेत, कारण स्टुडिओचं नाव बहुधा पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा मागे असतं. चिकट पानांच्या आल्बममध्ये ते घालू नयेत. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावेत. आणि स्कॅन करताना मागची बाजूही करावी. आजीने पेन्सिलीने लिहिलेलं नाव आणि गोम्सचा शिक्का, दोन्ही तिथेच सापडतात.