विश्लेषण : बुडत्या कारकंपन्यांना करदात्यांनी वाचवावे का? डोंबिवलीच्या ‘प्रीमियर’पासून तळेगावपर्यंतचा अनुभव काय?

कळवा-मुंब्र्याहून शिळफाटा ओलांडून कल्याणकडे निघाले की डोंबिवलीजवळ ‘प्रीमियर मैदान’ लागते. सभा-मेळाव्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाचे नाव एका मोटार कंपनीवरून पडले, हे परिसरातील नव्या गृहसंकुलांत राहायला आलेल्या अनेकांना ठाऊक नसते. वाहन उद्योगात मंदी आली, की सरकारने कंपन्यांना हात द्यावा अशी मागणी होते. पण हा पैसा करदात्यांचा असतो. तो द्यावा का आणि द्यायचा तर कुणाला?

डोंबिवलीत काय घडले होते?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ‘पद्मिनी’ कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. उदारीकरणानंतर कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यातून ‘प्यूजो ३०९’ बाहेर पडू लागली. मात्र कामगार संघर्ष आणि भागीदारांमधील मतभेद यामुळे १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. सरकारने कंपनी ताब्यात घेतली नाही. पुढे प्रीमियर चिंचवडमधून व्यवसाय करत राहिली, पण २०२१ मध्ये तीही दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

भारतात सरकारने वाहन कंपनी वाचवली आहे का?

हो, आणि दोन टोकांचे अनुभव आले. संजय गांधी यांची मारुती लिमिटेड बाजारात गाडी न आणताच बुडाली. केंद्राने १९८० मध्ये ती ताब्यात घेतली, १९८२ मध्ये सुझुकीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ‘मारुती ८००’ ग्राहकाच्या हाती पडली. २००२ मध्ये कंपनीचे नियंत्रण सुझुकीकडे सोपवताना सरकारला त्यासाठी १,००० कोटी रुपये मिळाले. २००७ पर्यंत सरकारने उरलेला हिस्साही विकला.

दुसरे उदाहरण लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाचे. तोट्यातील या कंपनीला २०१३ मध्ये सुमारे २०० कोटींचे पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर झाले, तरीही २०२१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला. मारुतीत पैशाबरोबर नवे तंत्रज्ञान, नवा भागीदार आणि नवी गाडी आली. नुसत्या पैशाने स्कूटर्स इंडिया तरली नाही.

अमेरिकेने काय केले?

२००८-०९ च्या मंदीत अमेरिकी सरकारने जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि त्यांच्याशी संलग्न कंपन्यांमध्ये सुमारे ८० अब्ज डॉलर ओतले. त्यातील जवळपास ९ अब्ज डॉलर परत आले नाहीत. मात्र अटी कडक होत्या. जनरल मोटर्सच्या प्रमुखांना पद सोडावे लागले, जुन्या भागधारकांचे पैसे बुडाले आणि क्रायस्लरची सूत्रे फियाटकडे गेली.

याच जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद केला. हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले. तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. कंपनी वाचली म्हणजे प्रत्येक नोकरी वाचते असे नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले.

मदतीच्या बाजूने युक्तिवाद काय?

एका गाडीत हजारो सुटे भाग असतात आणि ते शेकडो पुरवठादारांकडून येतात. कळव्याशी नाव जोडलेली मुकंद वाहन उद्योगासाठी पोलाद बनवते. लहान वर्कशॉप नट-बोल्ट, रबर, प्रेस पार्ट पुरवतात. मोठ्या कंपनीने बिले थकवली की वर्कशॉप बंद पडते आणि त्याच वर्कशॉपमधून माल घेणाऱ्या दुसऱ्या कारकंपनीची असेंब्ली लाइनही अडते. म्हणूनच २००८ मध्ये फोर्डने स्वतः ही मदत न घेता प्रतिस्पर्ध्यांना मदत देण्याचे समर्थन केले होते.

विरोध कशासाठी?

रिक्षाचालक असो वा घरकाम करणारी महिला, जीएसटी प्रत्येक जण भरतो. ज्यांनी कधी कार घेतली नाही, त्यांनी चुकलेल्या व्यवस्थापनाचा तोटा का सोसायचा? शिवाय ‘शेवटी सरकार आहेच’ अशी खात्री पटली, की कंपन्या धोका पत्करताना विचार करत नाहीत.

कंपनी बुडाल्यास कामगार, पुरवठादारांचे काय?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात गेल्यास कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कंपनीच्या मालमत्तेत मोजली जात नाही. लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते करणे कायद्याने बंधनकारक आहे, पण ग्राहक कंपनीच दिवाळखोर झाली तर विनातारण पुरवठादार रांगेत मागे राहतो. बँकांचे पैसे वसूल होईपर्यंत त्याच्या वाट्याला फारसे उरत नाही.

मग मार्ग कोणता?

केंद्राने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्कात चार टक्के कपात करून एका कंपनीऐवजी साऱ्या बाजाराला दिलासा दिला. २०२१ मध्ये मंजूर झालेली वाहन उद्योगासाठीची २५,९३८ कोटींची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनाही तोटा भरून देत नाही, वाढलेल्या विक्रीवर पैसे देते. यात एक उणीव उरते. दोन्हींचा फायदा चालू कारखान्याला होतो. कारखाना बंद पडल्यावर हाती काही न उरलेल्या कामगाराला आणि अडकलेल्या बिलांच्या वर्कशॉपला नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी मदतीची मागणी झाली, तर तीन प्रश्न विचारायला हवेत. पैशाबरोबर नवे तंत्रज्ञान आणि नवे व्यवस्थापन येणार आहे का? तोट्याचा पहिला वाटा मालक आणि भागधारक उचलणार आहेत का? आणि सरकार बाहेर कधी पडणार, हे आधी ठरले आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कंपनीऐवजी थकीत पगार, कामगारांचे नवे प्रशिक्षण आणि पुरवठादारांची बिले यांवर खर्च केलेला पैसा करदात्याच्या अधिक कामी येईल.