पंधराव्या वर्षी पुलओव्हर

जिम्नॅस्टिक्सला पंधराव्या वर्षी सुरुवात केली, की ‘आता हाडं ताठ झाली’ हे ऐकावंच लागतं. पण पुलओव्हर, म्हणजे छातीइतक्या उंचीचा बार धरून, पाय वर घेत, मागच्या मागे उलटं फिरून बारवर येणं, हा प्रकार सहसा लवचीकपणापायी अडत नाही. अडतो तो अंतरापायी. उभ्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. कोपरं सरळ झाली की तो बारपासून दूर जातो, आणि जितका दूर, तितकं वजन उलट्या दिशेने ओढतं. नवशिका नेमका इथेच फसतो: पाय झुगारतो, डोकं लवकर मागे टाकतो, हात सैल पडतात आणि कंबर बारखाली लोंबकळते. कोपरं दुमडलेली आणि कंबर बारला भिडलेली राहिली, तर उरलेली फेरी बरीच सोपी होते.

मग लहान मुलांना ते पटकन कसं जमतं? आक्षेप रास्त आहे. शरीराची ठेवण तीच राहून उंची 10 टक्के वाढली, तर वजन सुमारे 33 टक्के वाढतं; स्नायूंचा छेद, ज्यावर ताकद बरीचशी अवलंबून असते, तो 21 टक्केच. हा भुर्दंड शरीर वाढल्याचा आहे, उशिरा आल्याचा नव्हे, आणि ताकद सरावाने भरून निघते. (भीतीचा उपाय त्याहून साधा: खाली गादी, पाठीला प्रशिक्षकाचा हात.) मात्र या वयात मनगटाच्या हाडांची वाढ बहुधा पुरी झालेली नसते. तिथलं दुखणं रेंगाळलं, तर बार सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.