मिक्सरचं भांडं आणि मोबाइलचा मनोरा

मिक्सरचं भांडं फुटलं की कळतं, दुसऱ्या कंपनीचं भांडं त्यावर बसत नाही. मोबाइलच्या मनोऱ्याचीही तीच गत होती, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. आपला फोन कुठल्याही कंपनीचा असो, कुठल्याही मनोऱ्याशी बोलतो. मग मनोऱ्याच्या पोटातच हा अबोला का?

वर अँटेनाजवळ रेडिओची पेटी असते. ती लहरी झेलते आणि सोडते. खाली बेसबँडची पेटी. ती लहरींतून तुमचं बोलणं उलगडते. दोघींमध्ये केसासारखी बारीक काचेची तार. २००३ मध्ये या तारेवरच्या बोलीसाठी 'कॉमन पब्लिक रेडिओ इंटरफेस' आला. नाव सार्वजनिक, पण आत प्रत्येक कंपनीच्या खासगी खुणांना जागा ठेवलेली. गाठ बसली ती तिथेच! रेडिओ एकीचा घेतला की बेसबँडही तिचाच घ्यायचा.

२०१८ मध्ये जगातल्या मोठ्या नेटवर्क कंपन्यांनी 'ओ-रॅन अलायन्स' स्थापन केली आणि ही बोली नव्यानं, उघडपणे लिहायला घेतली. पहिला प्रश्न मोठा मजेदार होता: काम तोडायचं कुठे?

जुन्या पद्धतीत अख्खी लहर जशीच्या तशी तारेतून धावायची, कुणी बोलत असो वा नसो. आता लहरीतले सूर सुटे करायचं काम वरच्या पेटीकडेच आलं. ज्या सुरांत मजकूर आहे तेवढेच खाली जातात. आणि सूर किती? फाइव्ह-जीच्या १०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, नेहमीच्या मांडणीत, एकाच वेळी ३२७६! हा अख्खा मेळ सेकंदाच्या सुमारे २८ हजाराव्या भागात बदलतो. तेवढ्या वेळात तारेतला प्रकाशही जेमतेम सात किलोमीटर जातो. म्हणजे एकमेकींना अनोळखी अशा दोन पेट्यांची घड्याळं किती काटेकोर जुळायला हवीत, विचार करा.

जुळली! २०१९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमोनं फुजित्सू, एनईसी आणि नोकिया यांची यंत्रं या बोलीवर एकमेकांशी जोडून दाखवली.

तरी नियमाचा एकच कागद दोन अभियंते दोन तऱ्हांनी वाचतात. म्हणून 'प्लगफेस्ट' भरतात. एरवी एकमेकींचे स्पर्धक असलेल्या कंपन्या आपापल्या पेट्या घेऊन एका प्रयोगशाळेत येतात, मधली तार जोडतात आणि दोन पेट्यांचं नेमकं कुठे बिनसतंय ते शेजारी बसून शोधतात.