ग्लासात उतरलेली भुरी

शनिवारची सकाळ. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडायची, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोत चढायचं. तासाभरात मांडवा. मग किहीम किंवा नागावचा भाड्याचा बंगला, तळलेले बोंबील आणि बर्फाच्या बादलीत नाशिकची सोविन्यों ब्लां. (उच्चार जमला नाही तरी चालतो, वेटरलाही जमत नाही.) अलिबागचा वीकएंड आता असा ठरूनच गेलाय. आणि दुसऱ्या ग्लासानंतर ग्रुपमधला कुणीतरी हमखास विचारतो, 'अरे, इथे एवढी जागा आहे, कुणी द्राक्षं का नाही लावत? समोर समुद्र, मागे व्हिनयार्ड! काय धंदा होईल!'

होईल ना. पण बुरशीचा!

अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाऊस गेला तरी खारा दमटपणा जात नाही, हे बंगल्यातल्या गाद्यांना विचारा. ज्या नाशिकहून ती बाटली आली, तिथल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. वाइनच्या द्राक्षाला नेमकं हेच हवं असतं. त्याचे घड गच्च आणि मणी लहान, एकमेकांना चिकटलेले. आत एकदा ओल अडकली की वारा तिथपर्यंत पोचत नाही. एक मणी सडला की शेजारच्याला लागण झालीच म्हणून समजा. लोकलच्या डब्यातल्या सर्दीसारखं.

पावसाशी लपाछपी

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून शेतकरी कात्रीने तिचं कॅलेंडर ठरवतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षाला पीक एकच, पण पाऊस टळेल अशा बेताने. सगळा डाव एवढ्यावरच उभा की छाटणीनंतर आभाळ कोरडं राहील.

नाही राहिलं तर? ११ नोव्हेंबर २००९ आठवा. 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं. आपण टीव्हीवर कोकणातल्या बुडालेल्या होड्या पाहत होतो, पण त्याच वादळाचा पाऊस घाट चढून नाशिककडेही गेला. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा तेव्हा कोवळ्या फुटीवर, कुठे फुलोऱ्यावर होत्या. वेल सगळ्यात हळवी असते ती याच दिवसांत. मागोमाग आला डाऊनी, म्हणजे केवडा. पानावर आधी तेलकट पिवळे डाग, मग पानाखाली पांढरी लव, आणि घड करपून काळे. दहा वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस परत जायलाच तयार नव्हता, तेव्हा पुन्हा तेच झालं.

खाण्याच्या द्राक्षांत निदान खराब मणी कात्रीने काढून घड सजवता तरी येतो. वाइनची द्राक्षं वायनरीच्या गेटवर नाकारली गेली की शेतकरी अडकला. बारीक, बियांचे, जाड सालीचे मणी कोण विकत घेणार? २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर मोठ्या हौसेने वाइनचे वेल लावले गेले. २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी हात आखडले, तेव्हा कित्येकांनी तेच वेल उपटून टाकले. त्या बागांना दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

नाकाला कळतं

आता तुमच्या ग्लासाकडे येऊ. बुरशी शेतात लागली तर ग्लासात काय फरक पडतो? पडतो, कारण वाइनची द्राक्षं धुवत नाहीत. घड येतो, चेचला जातो, आणि सालीवर जे काही असेल ते सगळं रसात उतरतं.

केवड्याने पानं गेली तर साखर भरत नाही, आणि वाइन पाणचट, कच्ची, हिरवी लागते. हे सरळ आहे. भुरीची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग. भुरी म्हणजे घडावर पावडर फासल्यासारखी करड्या-पांढऱ्या रंगाची बुरशी. तिला पाऊससुद्धा लागत नाही, ढगाळ थंड हवा पुरते. म्हणून नाशिकचे बागायतदार डिसेंबरात आभाळ आलं की बेचैन होतात. (अलिबागचे आंबेवालेही होतात. मोहरावर येणारी तीही भुरीच. नाव एक, बुरशी वेगळी.) भुरी लागलेल्या द्राक्षांना अळंबीचा, ओल्या मश्रूमचा वास येतो. बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी या वासामागची संयुगं शोधून काढली, आणि त्यांना एक गंमत दिसली: रस आंबताना यीस्ट यातल्या मुख्य संयुगांचं रूपांतर कमी वासाच्या पदार्थांत करून टाकतं. म्हणजे टाकीतला वास बराचसा गायब! मग सुटलो? नाही. ऑस्ट्रेलियात भुरीच्या शार्दोने द्राक्षांपासून मुद्दाम वाइन करून पाहिली, तेव्हा चाखणाऱ्यांना ती जिभेवर तेलकट, बुळबुळीत लागली. वास गेला, पण तोंड फसलं नाही.

तिसरी मंडळी म्हणजे करड्या बुरशीची, बोट्रायटिसची. ही फळ पिकताना येते. मस्कतसारख्या द्राक्षात जो गुलाब-फुलांचा सुगंध असतो, तोच ती खाऊन टाकते. शिवाय लॅकेज नावाचं एक विकर सोडते. त्याने रस कापलेल्या सफरचंदासारखा तपकिरी पडतो. आणि तिच्या जोडीला पेनिसिलियम जातीची बुरशी आली, तर घडात जिओस्मिन तयार होतं.

जिओस्मिन तुम्हाला माहीत आहे. नाव माहीत नसेल, पण वास नक्की. जूनच्या पहिल्या सरीनंतर मातीतून येतो तो. त्यावर आपल्याकडे ढिगाने कविता झाल्या आहेत, कनौजला त्याचं अत्तर निघतं. हवेत असेपर्यंत स्वर्ग. पण वाइनमध्ये नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकं जरी पडलं की तळघरात बीट उकडल्यासारखं वाटतं. भुरीच्या वासासारखं हे आंबवण्यात नाहीसंही होत नाही, बाटलीपर्यंत सोबत येतं. बाटली फिरकीच्या झाकणाची असूनही ओल्या मातीचा वास आला, तर बुचाला शिव्या देऊ नका. सहसा गुन्हा आधी, बागेत घडलेला असतो.

हीच करडी बुरशी फ्रान्सच्या सोतेर्न गावात मात्र पाहुणी म्हणून बोलावली जाते. शरदात सिरों आणि गारोन या नद्यांवर पहाटे धुकं, दुपारी खणखणीत ऊन. धुक्यात बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, उन्हात पाणी उडून जातं, आणि मनुक्यासारख्या सुरकुतलेल्या मण्यांतून मध-जर्दाळूच्या वासाची महागडी गोड वाइन निघते. आपल्या किनाऱ्यावर पहाटेचं धुकं एक वेळ मिळेल. कोरडी दुपार कुठून आणायची?

औषधाचाही वास असतो

बुरशी लागू नये म्हणून फवारणी करायची, हे ओघाने आलंच. भुरीला गंधक, केवड्याला तांबं. आणि इथे खरा पेच सुरू होतो.

सोविन्यों ब्लांला जो पेरू, पॅशनफ्रूट, पपनसासारखा वास येतो, त्याच्यासाठीच आपण पैसे मोजतो. तो येतो थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांतून. बोर्दोमध्येच ताकातोशी तोमिनागा, देनी द्युबूर्द्यू आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ती ओळखली. त्यातलं पपनसाच्या वासाचं एक संयुग लिटरमागे ६० नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तांब्याला गंधकाची भारी ओढ. सालीवर राहिलेलं तांबं रसात उतरलं की ते या थायॉलना धरून बसतं, आणि वास गप्प! केवड्यापासून घड वाचला, पण ज्या वासासाठी ही द्राक्षं लावली तोच गेला. गंधकाचं उलटं. त्याचा अंश जास्त राहिला तर यीस्ट त्यापासून सडक्या अंड्याचा वास तयार करतं. म्हणून चांगला बागायतदार किती फवारलं यापेक्षा तोडणीच्या किती दिवस आधी थांबलो, याचा हिशेब जास्त काटेकोर ठेवतो. एखाद्या वर्षी जानेवारीत अवकाळी ढग येतात, तेव्हा थांबायचं की फवारायचं हे त्याला एका संध्याकाळीत ठरवावं लागतं. फवारलं तर वास जाण्याची भीती, थांबलं तर घड.

घरी अंड्याचा वास आलेली बाटली निघालीच, तर एक युक्ती. लग्नात आहेरात आलेला चांदीचा चमचा घासूनपुसून घ्या आणि ग्लासात मिनिटभर फिरवा. चांदीही गंधक धरते. फक्त चांगलं गंधक कुठलं आणि वाईट कुठलं हे तिला कळत नाही, त्यामुळे पेरूचा वासही थोडा जाईल.

तांब्याच्या या औषधाची जन्मकथा झकास आहे. १८७८ च्या सुमाराला केवडा अमेरिकेतून फ्रान्सला पोचला आणि बागा बसायला लागल्या. १८८२ मध्ये मेदोक भागातून जाताना पियेर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींना पानं आहेत आणि आतल्या वेली ओक्याबोक्या. चौकशी केली तेव्हा कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं चोरतात म्हणून मालक कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. निळा, कडू, विषारी दिसणारा लेप बघून चोर लांब राहायचे. केवडाही राहिला! प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये कृती जाहीर केली, आणि तिला नाव पडलं बोर्डो मिश्रण.

आता परत रायगडात. अलिबाग-मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत हे नाव कुणालाही विचारा. पोफळीच्या शिपुटांना पावसाळ्यात कोळेरोग होतो, कोवळी सुपारी सडून गळते. त्यावर पाऊस लागायच्या आधी आणि पुन्हा महिना-दीड महिन्याने मारतात ते हेच. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. गडी कमरेला नळी बांधून पोफळीवर चढतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. पोफळ फळाला यायला वर्षं लागतात, म्हणून तिथे नव्या रोपांच्या रांगा अजून उंचीला येताहेत.

मे अखेरीला तिकडे गेलात आणि गडग्याच्या दगडांवर, आळवाच्या पानांवर निळसर-पांढरे शिंतोडे दिसले, तर वाडीच्या मालकाने ते तुमच्यासाठी उडवलेत असं वाटून घेऊ नका. चोरांसाठी होते ते मेदोकमध्ये.