वासाचा फोटो

आमच्या स्वयंपाकघराला उत्तरेकडे एक खिडकी आहे. बिल्डरने ती फोडणीचा धूर जाण्यासाठी ठेवली असावी, पण सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान तिथे जो उजेड येतो, तो डोंबिवलीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओतही मिळेल असे मला वाटत नाही. ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे सावली काळी पडत नाही आणि रंग आहे तसा दिसतो. दर रविवारी या वेळी ओट्यावरचे डाळ-तांदळाचे डबे बाजूला सरकवून मी तिथे अत्तराच्या कुप्या, लिपस्टिकच्या कांड्या, काजळाच्या डब्या मांडते आणि त्यांचे फोटो काढते. "आज आधी देवपूजा की बाटलीपूजा?" असे आमच्याकडून विचारले जाते. मात्र त्या वेळात चहा ते स्वतःचा स्वतः करून घेतात, म्हणून मी उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाही.

हा छंद उतारवयातला. एकतीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसले. तेव्हा साजशृंगार म्हणजे पावडरचा एक हात, टिकली आणि लग्नकार्याला लिपस्टिक, तीही "फार भडक नाही ना दिसत?" असे दोघींना विचारून लावायची. निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीला मी कुणालाही न विचारता एक विटकरी लिपस्टिक घेतली. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली ती माझ्या पैठणीच्या काठाला अगदी जुळणारी वाटली होती. घरी ट्यूबलाइटखाली ती जांभळट दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत चक्क गुलाबी! एकाच कांडीचे तीन रंग. पैसे गेले, पण खिडकीचा शोध लागला. म्हटले, या तिन्ही रंगांचे फोटो काढून ठेवू, पुढच्या खरेदीला उपयोगी पडतील. तिथून हे सुरू झाले.

फोटो काढू लागल्यावर कळले की मोबाइलचा कॅमेरा नको इतका शहाणा असतो. समोर विटकरी रंग जास्त दिसला की त्याला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो आपल्या मनाने सगळे निळसर करून टाकतो. त्यावर उपाय सोपा आहे. चौकटीच्या कोपऱ्यात एक कोरा पांढरा कागद ठेवायचा. फोटोत कागद पांढरा दिसला तर बाकीचे रंगही खरे आहेत असे धरायचे. काचेच्या बाटलीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात खिडकी दिसते, गॅस दिसतो, आणि फोटो काढणारी बाईही गाऊनसकट दिसते! बाटलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डबोर्डचे तुकडे उभे केले की काचेच्या कडा रेघ मारल्यासारख्या उठून येतात. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा टेकवला की सावली हलकी होते. हा तुकडा टीव्हीच्या खोक्यातला आहे आणि तो टाकून देण्याचा घरात दोनदा प्रयत्न झाला आहे.

फ्लॅश मात्र कधी वापरू नये. भाचीच्या लग्नात आम्ही सगळ्याजणी उन्हापासून संरक्षण देणारे क्रीम लावून, त्यावर पावडर थापून नटलो होतो. अशा क्रीममध्ये पुष्कळदा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते आणि ते फ्लॅशचा उजेड परत फेकते. अल्बम आला तेव्हा आम्ही पाचहीजणी पिठाच्या गिरणीतून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या दिसत होतो.

रंगाचे एक वेळ जमले. वासाचे काय? बाटलीचा फोटो कितीही देखणा काढला तरी तो पाहून आत काय आहे ते कळत नाही. म्हणून मी वही घातली. तारीख, हवा, किती वाजता लावले, दहा मिनिटांनी कसे वाटले, एका तासाने, चार तासांनी. या वहीनेच मला शिकवले की दुकानात आपण जो वास विकत घेतो तो पहिल्या दहा मिनिटांचा असतो, आणि दिवसभर ज्याच्याबरोबर राहायचे तो वेगळाच असतो. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास हलके, ते भुर्रकन उडतात. मग फुले येतात. चंदन, वाळा, कस्तुरीसारखे जड वास मागे रेंगाळतात. उन्हाळ्यात हा सगळा प्रवास घाईत उरकतो, थंडीत निवांत चालतो. म्हणजे एकच अत्तर वैशाखात आणि पौषात दोन निराळी अत्तरे असतात. कागदाच्या पट्टीवर हुंगून बाटली घेणे म्हणजे स्थळ पाहायला जाऊन नुसता मुलाचा फोटो बघून परत येण्यासारखे आहे. मनगटाला लावावे, बाजारात एक चक्कर मारावी, मग ठरवावे. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातल्या काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडतो हे आपल्याकडे अनेकींनी पाहिलेले आहे.

ऋतूप्रमाणे वापरायचे हे काही नवे खूळ नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळा टाकतातच. वाळ्याचे अत्तर चैत्र-वैशाखात लावले की पाणी मारलेल्या पडद्याजवळ बसल्याचा भास होतो. हिना आणि शमामा थंडीचे. ते मे महिन्यात लावून सकाळच्या लोकलमध्ये चढणे हा शेजारणीवर अन्याय आहे. चेहऱ्याच्या रंगरंगोटीचेही तेच. आमच्या या दमट हवेत मे महिन्यात चेहऱ्यावर थर देऊन मी चार प्रयोग केले. चारही ठाकुर्लीच्या पुढे टिकले नाहीत. वहीत मी लिहून ठेवले आहे : "काजळ, बोटाने जरा फिसकटलेले. बस." पावसाळ्यात पावडरच्या डबीतला स्पंज वरचेवर धुवून खडखडीत वाळवावा, नाहीतर त्याला बुरशी धरते आणि मग ती गालाला. थंडीत कोरड्या मॅट लिपस्टिकने ओठांच्या भेगा रांगोळीसारख्या उठून दिसतात. आधी बोटभर तूप लावून, ते पुसून, मग रंग लावावा.

आणि पावसाळ्याचे अत्तर म्हणजे मातीचे. मोहम्मद अली रोडवरच्या एका जुन्या दुकानात मी पहिल्यांदा मिट्टीचे अत्तर हुंगले आणि काही क्षण मला आपण कुठे उभे आहोत ते कळेना. उत्तर प्रदेशातल्या कन्नौज गावी ते करतात. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्याबरोबर तांब्याच्या मोठ्या देगेत घालायचे, झाकण ओल्या मातीने लिंपून टाकायचे आणि खाली जाळ करायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात, जाते. भपका गार पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल असते. ते तेल तो वास धरून ठेवते. कारागीर हाताने भपक्याची ऊब पाहून जाळ कमी-जास्त करतो. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसानंतरच्या या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले, तेव्हा भारतात या वासाचे अत्तर काढतात हेही त्यांनी नोंदवले होते. आता चंदनाचे तेल फार महागले आहे. त्यामुळे पुष्कळ स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिनसारखे बिनवासाचे तेल असते. वास येतो, पण टिकत नाही. हे मला दुकानदाराने सांगितले नाही. माझ्या आत्याने सांगितले.

आत्या २०२३ पासून आमच्याकडे राहते. वय एकोणऐंशी. वहीसाठी मला दुसऱ्या कातडीची गरज होती, कारण माझ्या हातावर जे बसते ते कोरड्या, वय झालेल्या, सावळ्या हातावर कसे बसते ते कळायला हवे होते. एका रविवारी मी तिला म्हटले, "आत्या, जरा हात दे ना." तिने पदराला हात पुसले आणि पुढे केला. मी मिट्टीच्या अत्तराचा बोळा तिच्या हाताच्या मागच्या बाजूला लावणार, तोच तिने हात झटकन मागे घेतला.

"अगं, मला काय लावतेस?" ती म्हणाली.

मी वेड्यासारखी विसरून गेले होते. आत्याचे यजमान १९८१ साली गेले, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. आमच्या वाड्यात चैत्राचे हळदीकुंकू म्हणजे मोठा समारंभ असे. डाळ वाटायची आत्या, पन्हे करायची आत्या. अत्तरदाणी भरायची, गुलाबदाणीत पाणी घालायची तीही आत्याच. मग बायका येऊ लागल्या की ती माजघरात जायची. बाहेर हाताच्या मागे अत्तर लागे, गुलाबपाणी शिंपडले जाई, आणि बायका एकमेकींचे हात हुंगत. मी नऊ-दहा वर्षांची असताना हे सगळे पाहिले आहे. त्यात काही चुकीचे आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर पुढे पंचवीस-तीस वर्षेही वाटले नाही. माझ्या स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला मी तिला कधी बोलावले नव्हते. तिला वाईट वाटू नये म्हणून, अशी मी माझी समजूत घातली होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगणारे परिपत्रक काढले. त्या दिवशी, हात मागे घेतल्यावर, आत्याने त्याची आठवण काढली. म्हणाली, "पेपरात वाचलं होतं मी सगळं. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, सगळं लिहिलं होतं. अत्तराचं नव्हतं काही."

मी म्हटले, "मग अत्तराला बंदीही नव्हती म्हणायची."

ती हसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फोटोत तोंड नको हं. हाताचाच काढ."

तो फोटो माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत बरा आहे. उत्तरेचा उजेड, ओट्याचा काळा कडप्पा, त्यावर शिरा वर आलेला हात, आणि बोटांच्या जरा मागे तेलाचा एक ओला, चकाकणारा ठिपका. पण खरी गंमत पुढे झाली. तिने हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "माती आहे, पण चंदन नाही गं ह्यात. तासाभरात जाईल बघ." तासाभरात गेले. बेचाळीस वर्षे न लावलेल्या बाईचे नाक माझ्या वहीपेक्षा तयार होते, कारण तितकी वर्षे ती दुसऱ्यांसाठी अत्तरदाणी भरत आली होती. तरुणपणी ती मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो लावायची, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. त्या बाटलीचे झाकण कसे होते, आत किती राहिला असताना ती टाकून दिली, हे तिला अजून आठवते.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केले. आत्याला सोफ्यावर मधे बसवले आणि पहिले अत्तर तिच्या हाताला लावले. सगळ्यांना ते आवडले असे म्हणता येणार नाही. इमारतीतल्या एक बाई तिळगूळ घेऊन, वाण न घेताच, "कुकर लावायचाय" म्हणून उठल्या. दुसऱ्या एकीने मात्र, ज्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले आणि ज्या दारातूनच तिळगूळ देऊन परत निघाल्या होत्या, त्यांनी आत येऊन आत्याशेजारी बसून हात पुढे केला. मी कुंकवाचे विचारले नाही, त्यांनीही काही म्हटले नाही. आत्या स्वतः मात्र अजून कुंकू लावत नाही. "इतकं नको," म्हणते. लिपस्टिकचे नाव काढले की मारायला धावते. ओठांना तूप चालते.

आता रविवारी नऊ वाजले की डाळ-तांदळाचे डबे तीच सरकवते. वहीतले अक्षर माझे, मजकूर तिचा. परवा मी मोठ्या हौसेने वाळ्याचे अत्तर काढले, तर तिने बुच उघडूसुद्धा दिले नाही. "थंडीत कसला वाळा? हिना काढ. वाळा चैत्रात लावू," म्हणाली, आणि हात उजेडात नीट ठेवून बसली.