घोड्यावरून फुलं

छेंगदू, मार्च

जुन्या जालन्यातल्या मंडळींना चीन म्हटलं की स्वस्त माल आणि घड्याळाला जुंपलेली माणसं एवढंच दिसतं. अहो, इथला साहेब हाताखालच्या पोराला झापतो तेही तांग राजवटीतल्या कवीला मध्ये घालून!

परवा आमच्याकडच्या एका पोरानं अख्ख्या गोदामाची तपासणी तासाभरात उरकली. साहेबांनी विचारलं, "घोड्यावरून फुलं बघून आलास का?" पोरगं लाल झालं. हे मूळचं त्याच काळातल्या मंग च्याओ या कवीचं. बिचारा आधी नापास होत होत, पंचेचाळिशीच्या आसपास, इ.स. ७९६ मध्ये सरकारी परीक्षा पास झाला. त्या आनंदात घोडा दौडवत राजधानीतली सगळी फुलं एका दिवसात पाहिल्याचं त्यानं लिहिलं. त्याची मिरवणूक आज कामचुकारांच्या वाट्याला आली आहे! त्याच कवितेतला वसंतवारा मात्र बढती मिळालेल्यांना लागतो. त्यात कौतुक किती आणि जळफळाट किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आपल्याकडेही आजी भोग वाट्याला आला की तुकोबांचं अर्धं वचन टाकते आणि कामाला लागते. पण वसंत? तो लग्नपत्रिकेत नाहीतर मैफलीच्या फलकावर. इथंही छापील वसंत आहेच म्हणा. नववर्षाला दारावर लावायचे वसंताच्या ओळींचे लाल कागद बँका फुकट वाटतात. बहुतेक वर्षी आपली वसंतपंचमी त्यानंतर चार-पाच दिवसांत येते. चीनच्या उत्तरेकडे तेव्हा हाडं गोठत असतात, तरी दारोदारी वसंत.

आपल्याकडे पळस फुलतो तोवर बोअर आटायला लागते. कोकिळेआधी टँकरचा हॉर्न ऐकू येतो. २०१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. असल्या ऋतूचं कौतुक कुणाच्या तोंडी बसणार? आपले डोळे मृगाकडे.

तांग काळातल्याच दू फू या कवीनं वसंतातल्या रात्रीच्या शहाण्या पावसावर कविता लिहिली ती याच शहरात, ७६१ मध्ये. काल रात्री तसाच पडला. सकाळी शेजारच्या आजींनी त्यातली अर्धी ओळ म्हटली, शाळेला निघालेल्या नातीनं बूट चढवता चढवता उरलेली पुरी केली. मला हेवा वाटला. कवितेचा थोडा, पावसाचा जास्त. आजींनी विचारलं, "तुमच्याकडे या दिवसांत पाऊस आला की काय म्हणतात?"

म्हटलं, "अवकाळी म्हणतात. आणि पंचनाम्याला तलाठी कधी येतो ते विचारतात."